भावाच्या कर्जावर मी सही करू का?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) : पत्रलेखिका कळव्यात राहते, वय २५. बी.कॉम. करून ऐरोलीतल्या एका कंपनीत अकाउंट्स विभागात लागली. हातात महिन्याला ३२ हजार येतात. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, पगार ४० हजारांच्या आसपास, दोन वर्षांत निवृत्त होतील. आई घर सांभाळते. धाकट्या भावाला सीईटीत ८१ पर्सेंटाइल मिळाले. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत नवी मुंबईच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला जागा लागली आहे, फी वर्षाला १ लाख ३० हजार. त्याला मात्र कॉम्प्युटरच हवं आहे. ते एका खाजगी विद्यापीठात थेट प्रवेशाने मिळतंय, चार वर्षांची फी १२ लाख. सरकारी बँकेने एवढ्या कर्जासाठी राहत्या घराचे कागद मागितले. विद्यापीठाच्या समुपदेशकाने सुचवलेली एक फायनान्स कंपनी तारणाशिवाय साडेबारा टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे, पण वडील निवृत्त होत असल्याने सहकर्जदार म्हणून बहिणीची सही मागते आहे. घरचे म्हणतात, "फक्त सही करायची, फेडणार तोच." अमेरिकेत पदवीधर माणूस बारावीवाल्यापेक्षा किती जास्त कमावतो, याचा एक व्हिडिओही भावाने तिला पाठवला आहे. ती विचारते : "इंजिनीअर झाल्यावर कर्ज फिटेलच ना? नाही म्हटलं तर मी स्वार्थी ठरेन. मी स्वतः सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटरचा एक ग्रुप काढून थांबले आहे, तो विषय आता घरात निघतही नाही. पुढच्या वर्षी माझ्या लग्नाचं बघायचं चाललंय. काय करू?"

---

सहीपासून सुरुवात करते, कारण घरात घाई तिचीच आहे.

सहकर्जदार हा साक्षीदार नसतो, तो कर्जदारच असतो. करारावर तुझं आणि भावाचं नाव शेजारी-शेजारी येईल आणि पहिल्या दिवसापासून ते कर्ज जितकं त्याचं तितकंच तुझं असेल. अर्धं नाही, सगळं. तुझ्या सिबिलच्या अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ते पूर्ण रकमेनिशी दिसेल. हप्ता थकला तर स्कोअर दोघांचा घसरेल आणि वसुलीचे फोन आधी तुला येतील, कारण नोकरी तुला आहे. चार-पाच वर्षांनी तू घरासाठी कर्ज काढायला गेलीस, तर बँक या हप्त्याची रक्कम तुझ्या पगारातून वजा करूनच तुझी ऐपत ठरवेल. "फेडणार तोच" हे घरातलं बोलणं झालं. कागदावर तसं कुठेही लिहिलेलं नसतं.

जे वाचक थोरला भाऊ किंवा थोरली बहीण म्हणून अशा सह्या करतात, त्यांच्यासाठी एक बारीक गोष्ट. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात जी वजावट मिळते, ती स्वतःच्या, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या, मुलांच्या, किंवा आपण ज्याचे कायदेशीर पालक आहोत त्या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जावर मिळते. भावंडाच्या कर्जावर मिळत नाही. शिवाय ती जुन्या करप्रणालीतच आहे. तुझ्या पगारावर आज कर बसत नसेल, पण ज्यांना बसतो त्यांनी सवलत गृहीत धरून गणित मांडू नये.

याचा अर्थ सही करूच नकोस, असा नाही. भावाच्या शिक्षणाला हातभार लावावासा वाटणं चांगलंच आहे आणि आपल्याकडे कितीतरी घरं अशाच हातांवर उभी राहिली आहेत. मला एवढंच म्हणायचंय की "सही करू का" हा प्रश्न अर्धा आहे. किती रकमेवर, कुठल्या जागेसाठी आणि कुणाच्या पैशावर, हे ठरल्याशिवाय त्याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही.

आता कागद-पेन्सिल घे. तू अकाउंट्सची आहेस, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

१२ लाखांचं कर्ज एकदम हातात येत नाही, दरवर्षी तीन-तीन लाख विद्यापीठाकडे जातात. हप्ते सुरू होतात ते साधारण अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने. पण व्याज मात्र पहिले तीन लाख गेले त्या दिवसापासून चालू होतं. पहिल्या तीन लाखांवर पाच वर्षं, दुसऱ्यांवर चार, मग तीन, मग दोन. साडेबारा टक्क्यांनी आणि सरळव्याजाने धरलं तरी सव्वापाच लाख होतात. म्हणजे भावाचा पहिला हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज १२ लाख नसेल, १७ लाख २५ हजार असेल. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे २५,२५०. सरकारी बँकेचा दर दहा टक्के धरला तर व्याज मिळवून १६ लाख २० हजार आणि हप्ता सुमारे २१,४००. दहा वर्षांत या दुसऱ्या, स्वस्त कर्जाचेही एकूण साडेपंचवीस लाखांच्या वर जातात.

समोर पगार ठेव. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांमध्ये नवख्या इंजिनीअरला मिळणारा सर्वसाधारण पगार गेली दहाएक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटीचा वाटा, व्यवसाय कर वगैरे वजा जाऊन हातात २४-२५ हजार येतात. हप्ता सव्वापंचवीस हजार. त्याचा अख्खा पगार गेला तरी वर अडीचशे ते साडेबाराशे रुपये कुणीतरी घालायचे आहेत आणि त्याच्या गाडीभाड्याची, डब्याची सोयही कुणीतरी करायची आहे. ते कुणीतरी कोण, हे तुला मनातून ठाऊक आहे म्हणूनच तू पत्र लिहिलंस.

यावर भाऊ म्हणेल, मला साडेतीन लाखांची नोकरी लागणारच नाही, मी बारा लाखांची मिळवीन. मिळवेलही. मुलगा हुशार असेल, झटून अभ्यास करेल. पण कर्ज ठरवताना उत्तम निकाल धरायचा नसतो, सर्वसाधारण निकाल धरायचा असतो. पगार चांगला मिळाला तर कर्ज लवकर फेडता येतं, त्यात कुणाचं नुकसान नाही. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड आकारायला रिझर्व्ह बँकेने बंदीच केली आहे. उलट मोठा पगार धरून मोठं कर्ज घेतलं आणि तो मिळाला नाही, तर मागे फिरायची वाट नाही.

त्या अमेरिकेच्या व्हिडिओबद्दल. पदवीधर सरासरीने जास्त कमावतो हे तिथे खरं आहे आणि आपल्याकडेही खोटं नाही. पण ती सरासरी सगळ्या कॉलेजांची, सगळ्या शाखांची, वीस-तीस वर्षं नोकरी केलेल्यांसकट असते. तुझा भाऊ सरासरीत प्रवेश घेत नाहीये, एका ठरावीक संस्थेत, ठरावीक किमतीला घेतो आहे. तिथेही हा फरक कळल्यामुळेच २०१५ पासून तिथलं शिक्षण खातं 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाने प्रत्येक कॉलेजच्या विद्यार्थ्यांची नंतरची कमाई आणि त्यांच्यावरचं कर्ज उघड मांडतं. शिवाय तिथल्या सरकारी कर्जात पगाराच्या प्रमाणात हप्ता ठरवून घ्यायच्या योजना आहेत. आपल्या बँकेचा हप्ता पगार बघून कमी होत नाही. तिथला कमाईचा आकडा इकडे आणायचा आणि तिथली सवलत तिकडेच ठेवायची, हे गणित धोक्याचं आहे.

आपल्याकडचा आकडा हवा असेल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ मध्ये भारतातल्या रोजगाराचा अहवाल काढला, तो बघ. २०२२ साली पदवीधर तरुणांमधली बेकारी २९.१ टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. शिकून उपयोग नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. न शिकलेल्याला घरी बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मनासारख्या कामाची वाट बघतो. पण वाट बघण्याच्या त्या वर्ष-दीड वर्षातच कर्जाचा हप्ता सुरू होतो, आणि तो वाट बघत नाही.

मग कॉलेजची खरी माहिती कुठे मिळेल? त्यांच्या फाटकावरच्या बॅनरवर नाही. तिथे वर्गातल्या पहिल्या पाच मुलांचे फोटो आणि सर्वांत मोठं पॅकेज असतं. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत भाग घेणारी प्रत्येक संस्था एक तक्ता भरून देते आणि तो स्वतःच्या वेबसाइटवर ठेवते. मुखपृष्ठाच्या खाली कुठेतरी 'एनआयआरएफ' अशी बारीक अक्षरात लिंक असते, तिथे पीडीएफ मिळते. त्यात चार वर्षांच्या अभ्यासक्रमापुढे ओळीने आकडे असतात : पहिल्या वर्षाला किती मुलं आली, किती जण ठरल्या वेळेत पास झाले, कितींना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले. मध्यक म्हणजे नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याचा पगार. एखाद्या मुलाला ४० लाख मिळाले तरी तो हलत नाही, म्हणून तो सरासरीपेक्षा जास्त खरं बोलतो.

समजा, एखाद्या तक्त्यात १२० मुलं आली, ८४ वेळेत पास झाली, ४६ जणांना नोकरी लागली, १२ जण पुढे शिकायला गेले आणि मध्यक पगार चार लाख आहे. वाचताना डोळा चार लाखांवर जातो. पण तो पगार त्या ४६ जणांमधल्या मधल्याचा आहे. ८४ मधून ४६ आणि १२ वजा केले की २६ उरतात, त्यांचं काय झालं हे तक्ता सांगत नाही, आणि ३६ जण तर वेळेत पासच झाले नाहीत. पालकांनी आणि मुलांनी एकत्र बसून हा तक्ता वाचावा, तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून वाचावा. संस्था क्रमवारीत भागच घेत नसेल तर याच पाच आकड्यांची माहिती लेखी मागावी. लेखी द्यायला कुरकुर झाली तर तेही एक उत्तरच आहे.

दुसरा मार्ग तुझ्या रोजच्या वाटेवर आहे. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर सकाळी जी गर्दी असते, त्यात गळ्यात आयकार्ड अडकवलेली बरीचशी मुलं ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे इथल्या कंपन्यांत जाणारी असतात. तुझ्या स्वतःच्या कंपनीतही आयटीची माणसं असतीलच. त्यांना विचार : कुठलं कॉलेज, कुठली शाखा, पहिला पगार हातात किती आला, नोकरी लागायला किती महिने लागले? भावाला लिंक्डइनवर त्या विद्यापीठाचे तीन वर्षांपूर्वी पास झालेले कॉम्प्युटरचे विद्यार्थी शोधायला सांग. बॅनरवरचे नकोत, यादीतले कुठलेही. आज ते काय करतात हे त्याने स्वतः बघणं, तू किंवा वडिलांनी शंभर वेळा सांगण्यापेक्षा बरं.

आता तुमच्या हातात असलेल्या जागेकडे वळू. पत्रात तू ती एका वाक्यात उरकलीस आणि मला ती सगळ्यात जास्त लक्ष द्यावी अशी वाटते.

कॅपमधून मिळालेल्या जागेची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असते. त्यावर, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शिकवणी शुल्काची निम्मी रक्कम मिळू शकते. वडिलांच्या पगाराचं वर्षाचं पावणेपाच-पाच लाख होतं, म्हणजे आई-वडिलांचंच उत्पन्न धरलं तर तुम्ही मर्यादेत बसता. एका कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत ती मिळते, तुम्ही दोघंच आहात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाका आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर मुदतीत अर्ज करा. पैसे यायला उशीर होतो, तेव्हा पहिल्या वर्षी पूर्ण फीची तजवीज ठेवा. खाजगी विद्यापीठातल्या थेट प्रवेशाला ही योजना लागू नाही. म्हणजे दोन जागांमधला फरक छापील फीपेक्षाही मोठा आहे.

ओघात सांगते, ज्यांच्या घरात मुलगी यंदा प्रवेश घेते आहे त्यांनी २०२४ चा शासन निर्णय जरूर बघावा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तिथेही खाजगी आणि अभिमत विद्यापीठं वगळलेली आहेत.

निम्मं शिकवणी शुल्क परत आलं तर वर्षाचा भार ७० हजारांच्या आसपास येईल. पुस्तकं, लॅपटॉप धरून वर्षाला ७५ हजार, म्हणजे चार वर्षांत तीन लाखांचं कर्ज पुरावं. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. दहा टक्क्यांनी व्याज साचू दिलं तरी हप्ते सुरू होताना चार लाख पाच हजार होतील, सात वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे ६,७००. पंचवीस हजारांतून पावणेसात हजार जाणं जड आहे, पण शक्य आहे. पंचवीसमधून सव्वापंचवीस जाणं शक्यच नाही.

"पण कॉम्प्युटर नाही ना!" हे भावाचं दुःख मी हलकं मानत नाही. अठराव्या वर्षी वर्गातले मित्र कॉम्प्युटरला गेले आणि आपण राहिलो, हे फार लागतं. त्याला एवढं सांग की आयटी सेवा कंपन्या कॅम्पसवर येतात तेव्हा बहुतेकदा शाखा बघत नाहीत, चाचणी आणि कोडिंग बघतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकावं लागतंच. पहिल्या वर्षानंतर जागा रिकाम्या असतील आणि गुण चांगले असतील तर शाखा बदलताही येते, कॉलेजच्या कार्यालयात त्याचे नियम आत्ताच विचारून ठेवा. आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापेकडे जी डेटा सेंटर उभी राहिली आहेत तिथे नेटवर्क, वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या माणसांचंच काम आहे. तुझ्या भावाने ती शाखा नाइलाज म्हणून न बघता एकदा नीट समजून घ्यावी.

त्याला खरोखर फक्त सॉफ्टवेअरच करायचं असेल तर तिसरी वाटही आहे. ठाण्यातल्याच एखाद्या कॉलेजातून बी.एस्सी. आयटी किंवा कॉम्प्युटर सायन्स. फी बरीच कमी, राहणं घरी. काही मोठ्या कंपन्या अशी मुलं घेतात आणि नोकरी करता करता एम.टेक. करवतात, विप्रोची तशी योजना बरीच वर्षं चालू आहे. इंजिनीअरिंगइतका मान घरात मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण कर्ज जवळजवळ शून्यावर येतं.

मानाचा विषय निघालाच आहे तर वडिलांबद्दल बोलू. ते आयुष्यभर वागळे इस्टेटमध्ये राबले. त्यांच्या उमेदीच्या काळात इंजिनीअर म्हणजे केबिनमध्ये बसणारा साहेब होता, कारण इंजिनीअर होते थोडे आणि कारखाने होते पुष्कळ. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून ते बोलतात, त्यांचं चुकतं असं म्हणून वाद घालू नकोस. कागदावरचे दोन हप्ते त्यांच्यासमोर ठेव, आई आणि भाऊही बसलेले असताना. "मला करायचं नाही" असं म्हणण्याऐवजी "हा पंचवीस हजारांचा हप्ता, हा त्याचा पहिला पगार, वरचे पैसे कुठून आणायचे ते आपण चौघांनी ठरवू" असं म्हण. स्वार्थी ठरण्याची तुझी भीती मला समजते. पण तू मदत नाकारत नाहीयेस. घर तारण जाऊ नये, आणि वडिलांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीला फीसाठी हात लागू नये, एवढंच बघते आहेस. त्या पैशावर त्या दोघांना पुढची वीस-पंचवीस वर्षं काढायची आहेत.

माझं मत स्पष्ट सांगते. १२ लाखांच्या कर्जावर सही करू नकोस, कंपनी कितीही सोपं करून दाखवत असली तरी. तारण नको म्हणणारी कंपनी धोका पत्करत नाही, त्या धोक्याची किंमत व्याजात लावते आणि तुझा पगार पुढे करून घेते. कॅपच्या जागेसाठी तीन-चार लाखांचं कर्ज सरकारी बँकेतून, भाऊ आणि वडिलांच्या नावावर मागा. वडील निवृत्त होणार म्हणून बँकेने तुझंही नाव मागितलं तर तेवढ्यावर सही कर. तो हप्ता उद्या एकटीवर आला तरी तू बुडणार नाहीस, हीच माझी कसोटी आहे. सही करणाऱ्या प्रत्येकाने ती स्वतःला लावावी.

कर्ज घेताना दोन गोष्टी विसरू नका. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर ते मुद्दलात मिसळत नाही, आणि बऱ्याच बँका तसं नियमित भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात. तीन लाखांच्या कर्जात पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला सव्वासहाशे रुपये आहे, चौथ्या वर्षी अडीच हजार. घरच्यांना मदत करायची तुझी इच्छा इथे घाल. हे पैसे तू देऊ शकतेस आणि दिलेस तर भावाला तीन लाखच फेडावे लागतील. दुसरं, मंजुरीपत्र घरी आणून वाचा : दर स्थिर की बदलता, हप्ते कधीपासून, प्रक्रिया शुल्क किती, कर्जासोबत विमा चिकटवलाय का. ज्या वाचकांच्या मुलांना पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला आहे त्यांनी आधी तिथे अर्ज करावा. तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याज-सवलत मिळू शकते, दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांना. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं, अशीही योजना आहे.

जागा राखण्यासाठी विद्यापीठात आधीच काही पैसे भरले असतील तर "बुडाले" म्हणून पुढे जाऊ नका. २०२४-२५ च्या प्रवेशांसाठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं. यंदाचं परिपत्रक काढून वाचा आणि लेखी अर्ज करा. कॅपची जागा मात्र आधी मुदतीत पक्की करा.

आता तुझ्याबद्दल, कारण पत्रात तू स्वतःला शेवटच्या दोन ओळींत बसवलं आहेस.

शिक्षणावर घातलेले पैसे कमाईतून परत येतात का, हा हिशोब तुमच्या घरात भावासाठी चालला आहे. तोच तुझ्यासाठी मांडून बघ. सीएमए इंटरचा एक ग्रुप निघालेला आहे. दुसरा ग्रुप आणि पुढे फायनल यांचा खर्च भावाच्या एका वर्षाच्या फीच्या जवळपासही जात नाही, नोकरी सोडावी लागत नाही, कर्ज काढावं लागत नाही, आणि तू आधीच अकाउंट्समध्ये असल्याने कामाचा अनुभव त्याच दिशेचा आहे. कमी खर्चात पगार वाढण्याची सगळ्यात भरवशाची शक्यता आज तुमच्या घरात तुझ्याकडे आहे. हे कुणी मोजलंच नाही, आणि तूही नाही. वडिलांसमोर जो कागद ठेवशील त्यात तिसरा रकाना तुझ्या नावाचा कर.

आणि लग्न. कर्जावर तुझी सही झाली तर ती लग्नानंतरही तशीच राहते, आडनाव बदललं तरी. म्हणून स्थळं बघताना ही गोष्ट लपवू नकोस आणि घरच्यांनाही लपवू देऊ नकोस. रक्कम, हप्ता, किती वर्षं, शिकताना व्याज कोण भरतंय, एवढं मुलाला स्वतः सांग. तीन लाखांचं कर्ज हे सांगता येण्याजोगं आहे. सतरा लाखांचं सांगताना तुझी काय अवस्था होईल, याचा विचार आई-वडिलांनीही करावा, आणि तो त्यांना तूच सुचवायला हवा. तू लग्नानंतरही माहेरी पैसे देणार असशील तर तेही तेव्हाच बोलून घे.

सीएमएच्या परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये असतात. तुझी नोंदणी अजून वैध आहे का आणि डिसेंबरचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख कोणती, हे भावाच्या प्रवेशाच्या धावपळीतच बघून घे, धावपळ संपल्यावर नको.